"माझ्या रक्तात दोष आहे, हे सासरी सांगू का?"

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी २६ वर्षांची आहे, नाशिकला बँकेत नोकरी करते. साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. नववीत असल्यापासून माझं हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर कधी गेलं नाही. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे सगळं करून झालं. गेल्या महिन्यात ऑफिसच्या आरोग्य तपासणीत पुन्हा तेच आलं आणि या वेळी डॉक्टरांनी आणखी एक चाचणी करायला लावली. रिपोर्ट आला: थॅलेसेमिया मायनर. "काळजीचं काही नाही," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. रात्री मी मोबाइलवर वाचत बसले आणि ब्लड कॅन्सरपर्यंत पोचले. आई म्हणते, आत्ता कुणाला काही बोलू नकोस, लग्न होऊ दे. आत्या म्हणते, रक्तातला दोष कळला तर स्थळ मोडेल आणि धाकटीचंही जमणार नाही. पत्रिकेत २८ गुण जुळलेत, रक्तगटही विचारून झालाय. न सांगता लग्न केलं तर ती फसवणूक होईल का? की मी लग्नच करू नये?

प्रिय मैत्रिणी,

पॅथॉलॉजीत तीसेक वर्षं काढली असल्यामुळे तुझ्या पत्रासोबतचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या चाचणीचा, कागद मी आधी उघडला. तो वाचून वाईट वाटलं, ते तुझ्या रक्ताबद्दल नाही. हे तुला नववीतच कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, म्हणून वाटलं. सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं. तो आता समोर घे, आपण दोघी मिळून वाचू.

पहिली ओळ, हिमोग्लोबिन १०.६. बाईचं १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. बहुतेक ठिकाणी वाचन इथेच थांबतं आणि लोहाची गोळी लिहून दिली जाते. पहिल्या वेळी त्यात चूकही नसते, कारण महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी असतं आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण लोह कमी पडणं हेच आहे. पण गोळ्या दोन-तीन महिने नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर खालच्या ओळी वाचायलाच हव्यात. तुझ्या त्या बारा वर्षं कुणी वाचल्या नाहीत.

त्या ओळींत काय आहे? लाल पेशींची संख्या ५.७. म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ५७ लाख. बायकांमध्ये साधारण ३८ ते ४८ लाख असतात. तुझ्या पेशी कमी नाहीतच, उलट जास्त आहेत. त्याखाली एमसीव्ही ६२. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचा सरासरी आकार, तो ८० ते १०० च्या दरम्यान हवा. म्हणजे पेशी भरपूर, पण लहान लहान. आम्ही एक साधा भागाकार करतो: एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागायचं. उत्तर १३ च्या वर आलं तर संशय लोहावर, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरवर. तुझं उत्तर १०.९ येतं. हा नुसता अंदाज असतो, निदान नव्हे. पण पुढची चाचणी करायची की नाही हे ठरवायला तो पुरतो. ती चाचणी म्हणजे तू आता केलीस ती एचपीएलसी, रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजणारी. तिच्यात हिमोग्लोबिन ए-टू ५.३ टक्के आलं आहे. साडेतीनच्या वर गेलं की थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तुझ्या बाबतीत शंकेला जागा नाही.

तुझ्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालची काच मी पाहिलेली नाही, पण अशा काचा इतक्या पाहिल्यात की ती डोळ्यांसमोर येते. लाल पेशी मोठी की लहान, हे ठरवताना आम्ही शेजारी एखादी लिम्फोसाइट शोधतो. ती पांढरी पेशी असते आणि तिचं जांभळं केंद्रक साधारण निरोगी लाल पेशीएवढंच असतं. तुझ्या काचेवर त्या जांभळ्या गोलाशेजारी लाल पेशी पिटुकल्या दिसतील. काहींच्या मधोमध एक लाल ठिपका, भोवती फिकट कडं आणि बाहेर पुन्हा लाल कड, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या. दिसायला वेगळ्या. काम मात्र करताहेत.

आता हे का होतं ते सांगते, कारण "दोष" हा शब्द तुझ्या डोक्यातून काढायचा तर हे कळायला हवं. हिमोग्लोबिन बनतं दोन गोष्टींपासून: लोह आणि ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या. तू रोज भाकरी करत असशील-नसशील, पण घरात पाहिली आहेस. डब्यातलं पीठ संपत आलं तर भाकऱ्या कमी होतात आणि लहानही होतात. लोह कमी पडतं तेव्हा हेच घडतं. तुझ्याकडे डबा भरलेला आहे, पण दोन हातांपैकी एका हाताला जोर कमी आहे. म्हणून भाकरी लहान होते आणि पोटं भरायला हाडांमधला मगज जास्त भाकऱ्या थापतो. ते दोन हात म्हणजे बीटा ग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुझी एक प्रत व्यवस्थित आहे आणि ती आयुष्यभर पुरते. अशा डब्यात आणखी पीठ ओतून काय होणार? म्हणून बारा वर्षांच्या गोळ्यांनी काही झालं नाही. तुझ्या प्रयत्नांत काही कमी पडलं नव्हतं.

एक मात्र कर. फेरिटिनची चाचणी करून घे. त्यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईलाही लोहाची कमतरता वेगळी होऊ शकते, पाळीत रक्त जास्त जात असेल तर नक्कीच. फेरिटिन कमी आलं तर लोह घ्यायचं, पुरेसं असेल तर गोळ्या बंद. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराला वाट नाही, ते साठत जातं.

कॅन्सरच्या भीतीबद्दल थोडक्यात. थॅलेसेमिया मायनरचा कधीही ब्लड कॅन्सर होत नाही. ब्लड कॅन्सर हा बहुतेकदा पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या पेशींचा आजार, तुझी गोष्ट लाल पेशीतल्या एका प्रथिनाची. तुझ्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ७,२०० आहेत, ४,००० ते ११,००० चालतात. प्लेटलेट २ लाख ८० हजार, दीड ते साडेचार लाख चालतात. दोन्ही उत्तम. विनाकारण अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, आठवडेच्या आठवडे ताप, वजन उतरणं, मानेत-काखेत गाठी, यातलं काही असेल तर मात्र कुणीही मोबाइल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

"रक्त कमी" या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी लोटतो, हे जाता जाता सांगावंसं वाटतं. लोह कमी असलं की पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असलं की उलट मोठ्या होतात आणि तिथेही लोहाची गोळी निरुपयोगी. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या, त्या गरोदर बायकांमधल्या अशाच रक्तक्षयाचा शोध घ्यायला. त्यात गिरण्यांत काम करणाऱ्या बायका होत्या. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त सुधारतं हे त्यांनी दाखवलं आणि त्या धाग्यावरून पुढे फॉलिक अ‍ॅसिड सापडलं. म्हणजे आपल्याच मुंबईतल्या बायकांच्या रक्ताने जगाला शिकवलं, की फिकट दिसणाऱ्या प्रत्येकीला एकच औषध नसतं. शाकाहारी घरांतली हातापायांना मुंग्या येणारी, थकलेली माणसं आजही बी-१२ न तपासता खजूर खात बसतात, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

तू लिहिलंस, "माझ्या रक्तात दोष". थॅलेसेमिया मायनर म्हणजे वाहक असणं. वाहक आजारी नसतो. आपल्या देशात शंभरातले साधारण तीन-चार जण वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे, पण कुठलाच समाज त्यातून पूर्ण सुटलेला नाही. तुमच्या बँकेच्या शाखेत तीस माणसं असतील तर तुझ्याशिवाय आणखी एखादा असूही शकेल, त्याला पत्ताही नसेल. तू आणि तो यांत फरक इतकाच, की तुला माहीत आहे.

मग अडचण कधी येते? नवरा-बायको दोघंही वाहक असले तर. तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला दोन्हीकडून कमजोर प्रत मिळेल. त्याला थॅलेसेमिया मेजर म्हणतात. एकटी तू वाहक असशील आणि तो नसेल, तर मूल फार तर तुझ्यासारखं होईल. मेजर होणार नाही. म्हणजे प्रश्न तुझ्या रक्ताचा नाहीच, तो दोघांच्या रक्ताचा आहे आणि त्यातला अर्धा कागद अजून कोरा आहे. त्या मुलाची तपासणी झालेलीच नाही. तुझी आई, तुझी आत्या, आणि तूसुद्धा, तिघी मिळून अर्ध्या माहितीवर लग्न मोडायचं की लपवायचं हे ठरवताय.

आई-आत्यांवर मी रागावलेली नाही. "मुलीत काहीतरी आहे" या एका वाक्याने घरं कशी हादरतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. पण आईला एक हळूच सांगायला हवं: ही प्रत तुला घरातूनच मिळाली आहे, तिच्याकडून किंवा बाबांकडून. कदाचित आईलाही सतत "तुझं रक्त कमी" म्हणून लहानपणापासून पालक खायला घातला असेल. तिने संसार केला, दोन मुली वाढवल्या. जी गोष्ट तिच्यात किंवा बाबांत इतकी वर्षं कुणाच्या आड आली नाही, ती तुझ्यात आल्यावर दोष कशी होते? हे भांडताना विचारू नकोस. दोघी निवांत बसलेल्या असताना विचार.

लपवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लपवू नकोस. नीतीच्या अंगाने तर आहेच, पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते व्यवहाराचं. ही माहिती वेळेवर कळली तरच कामाची असते. लग्नानंतर सांगू म्हणता म्हणता दिवस जातात, बाळ जन्माला येतं, आणि जन्मतः ते अगदी गोंडस, गुटगुटीत असतं, कारण सुरुवातीचे काही महिने गर्भातलं वेगळं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेतं. सहा महिन्यांनंतर ते फिकट पडू लागतं, दूध पीत नाही, चिडचिड करतं. मग निदान. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजची औषधं.

मी काम करत होते तिथल्या डे-केअरमध्ये एक सात-आठ वर्षांची मुलगी यायची. डाव्या हाताला सुई लावायची, म्हणजे उजव्या हाताने शाळेचा अभ्यास लिहिता येईल, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिची आई डब्यात पोळीचा लाडू आणायची आणि बाटली संपेपर्यंत खिडकीपाशी उभी असायची. एकदा मला म्हणाली, "आम्हाला लग्नाआधी कुणी नुसतं विचारलं असतं ना, तरी आम्ही तपासलं असतं." ती मुलगी आज शिकून नोकरी करते आहे. अशी मुलं आता नीट उपचारांनी मोठी होतात, भावंडाच्या हाडांमधला मगज जुळला तर प्रत्यारोपणाने पूर्ण बरीही होतात, आणि २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाचे हक्कही मिळाले आहेत. तिचं आयुष्य कमी मोलाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या आईला निवड करायची संधी मिळाली नाही, हे मला आजही खुपतं.

सांगायचं कसं? मध्यस्थांकडून नाही, दोन्हीकडच्या मोठ्यांच्या बैठकीत नाही. आधी त्यालाच सांग, समोरासमोर. आणि गुन्ह्याची कबुली देतोय अशा सुरात नको. काहीसं असं म्हण: "माझ्या तपासणीत मी थॅलेसेमियाची वाहक आहे असं आलंय. मला त्याचा त्रास नाही, होणारही नाही. पण तूही वाहक असलास तर मुलांच्या बाबतीत आधी विचार करावा लागेल. तू एक तपासणी करून घेशील का?" रिपोर्ट दाखव, भागाकारही करून दाखव. तो पुण्यात इंजिनिअर आहे असं तू लिहिलंस, त्याला आकडे आवडतील. घरच्यांना कसं सांगायचं ते मग दोघांनी ठरवा.

त्याची तपासणी म्हणजे सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही. नुसता सीबीसी बघून "नॉर्मल आहे" म्हणू नका, कारण सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक सीबीसीत साफ निसटू शकतो, आणि तुझा थॅलेसेमिया व त्याचा सिकलसेल एकत्र आले तरी मूल आजारी होऊ शकतं. त्याचं मूळ विदर्भातलं किंवा नंदुरबार-धुळ्याकडचं असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. गेल्या तीन-चार महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर लॅबला सांगायचं, नाहीतर आकडे दिशाभूल करतात. आणि हे इतर वाचकांसाठी: मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न ठरत असेल, तर दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते, तिथे ही तपासणी टाळूच नका.

बहुधा त्याचा रिपोर्ट स्वच्छ येईल, आणि तुम्ही दोघं हॉलच्या बुकिंगकडे वळाल.

समजा तोही वाहक निघाला. तरीही लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. सायप्रस या छोट्या देशात एकेकाळी थॅलेसेमियाची मुलं इतकी जन्मत, की रक्तपेढ्या पुरत नसत. १९७० च्या दशकापासून त्यांनी तपासणी सुरू केली, पुढे तिथलं चर्चही लग्नाआधी तपासणीचा दाखला मागू लागलं, आणि आजारी मुलांचे जन्म जवळपास थांबले. लग्नं मात्र थांबली नाहीत. दोघं वाहक निघालेल्या बहुतेक जोड्यांनी एकमेकांशीच लग्न केलं आणि गरोदरपणात तपासणी करून घेतली. आपल्याकडेही ती होते: अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अगदी लहानसा तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन. अनेकांना वाटतं की गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे यावर बंदी आहे. तसं नाही. १९९४ चा तोच कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी देतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवरची संस्था आहे, तिथे या आजारांवरही काम चालतं. याशिवाय टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ आधी तपासून मग गर्भाशयात सोडणं हाही मार्ग आहे, पण खर्चिक आणि थकवणारा. दत्तक आहे. आणि हे सगळं आपल्याला झेपणार नाही असं दोघांना प्रामाणिकपणे वाटलं, तर प्रेमाने वेगळं होणंही आहे. यातलं कुठलंही तुम्हीच निवडायचं. गर्भ आजारी निघाला तर काय करायचं, हा प्रश्न फार अवघड आहे; तो लग्नाआधी एकदा मोठ्याने बोलून घ्या. जेनेटिक समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बोललात तर सोपं जाईल.

आणि त्याने तपासणीलाच नकार दिला तर? "आमच्या घराण्यात असलं काही नाही," म्हणाला तर? घाबरलेल्या माणसाला मी आठ दिवस देईन, सीबीसीचा कागद पुन्हा समजावीन. तरीही नाहीच म्हणाला तर मी मुहूर्त पुढे ढकलेन. एका सुईला नाही म्हणणारा माणूस उद्या आजारी लेकराच्या उशाशी बसेल का, हे मला आधी बघावंसं वाटेल.

पत्रिकेतल्या २८ गुणांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ती घराघराची श्रद्धा आहे. पण रक्तगटाबद्दल म्हणायचं आहे. बायोडेटात आपण तो आवर्जून लिहितो आणि "एकच गट असला तर मुलांना त्रास होतो" असं समजतो. तसं काही नाही. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात आणि गरज असेल तर बाळंतपणानंतर लगेच इंजेक्शन लागतं, इतकंच. थॅलेसेमियाबद्दल रक्तगट काहीही सांगत नाही. त्याच बायोडेटात दोघांच्या एचपीएलसीची एक ओळ आली, तर माझ्यासारखीला फार बरं वाटेल.

ज्या वाचकांची लग्नं होऊन गेली आहेत, त्यांनी मूल ठरवण्याआधी तपासावं. दिवस गेलेच असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावं, आणि बायको वाहक निघाली तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात द्यावं. पाचव्या महिन्यात कळून हातात वेळ उरत नाही. तुझ्यासाठी पुढचं एक: गरोदरपणात तुझं हिमोग्लोबिन आणखी थोडं उतरेल, फॉलिक अ‍ॅसिड नियमित लागेल, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला "मी थॅलेसेमिया मायनर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं, नाहीतर तुला पुन्हा लोहावर लोह मिळत राहील.

धाकट्या बहिणीचीही तपासणी करून घे. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तिला हे स्थळं बघायच्या आधी कळलेलं बरं. आईबाबांनाही ने. या चाचणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. चौघं सकाळी चहा घेऊन निघा, आणि तुझे नववीपासूनचे जुने रिपोर्ट सापडतील तेवढे बरोबर घे.